भाचीच्या पोटातला ठिपका

माझा धाकटा भाऊ पोलादपूरच्या वर, डोंगरावर कुडपणला शेती करतो. भात, नाचणी, थोडी वरी. त्याच्या बायकोला माहेरी आई नव्हती, आणि अवघडलेल्या बाईला ऐन वेळी घाटातून खाली आणायचं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून शेवटच्या महिन्यात तिला मी महाडला माझ्या घरी आणून ठेवलं होतं. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यामुळे घरात एक खोली मोकळीच होती.

मुलगी झाली. नर्सने तिला दोन्ही हातांवर तोलून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं भरलेलं बाळ फार दिवसांनी आलं आमच्याकडे." गाल वर आलेले, मनगटांना वळ्या. आमची आये कुडपणहून आदल्या दिवशीच उतरली होती. तिने नातीच्या तळपायाला काजळाचं बोट लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना तोंड बघू देईना. नजर लागेल म्हणून. माझ्या आठवणीत आमच्या घरात इतकं बाळसं घेऊन कुणी आलं नव्हतं. ते वजन हीच दुखण्याची पहिली खूण होती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला कळणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोर झोपूनच होती. आये म्हणाली, "शांत हाय. गुणाची हाय." पण भावजयीच्या लक्षात आलं. ती मला हळूच म्हणाली, "ताई, ही दूध ओढत नाय. तोंडात धरते आणि सोडून देते." मी बाळाला हातात घेतलं. अंग गार लागलं. मग तिचा एक हात थरथरायला लागला, मी तो धरला तरी थांबेना, आणि डोळे एका बाजूला जाऊन तिथेच राहिले.

डॉक्टर आले, टाचेतून रक्ताचा थेंब काढला. साखर मोजायच्या मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'लो' उमटलं. त्यांनी दुसऱ्या टाचेतून पुन्हा थेंब घेतला. पुन्हा तेच. त्यांनी हाताची शीर शोधून साखरेचं पाणी चढवलं. थोड्या वेळाने पोर रडली, चांगली ठणठणीत रडली, आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. लहान बाळांची साखर कधी कधी उतरते, एवढं मीही ऐकून होते. पण संध्याकाळी ती पुन्हा उतरली. सलाईन वाढवलं की वर यायची, जरा कमी केलं की खाली. सकाळी डॉक्टरांनी भावाला आणि मला आपल्या खोलीत बोलावलं.

"देतोय तेवढी साखर कुठेतरी जिरतेय," ते म्हणाले. "एवढ्याशा जिवाला इतकी लागायला नको. माझ्याकडे याच्यापुढची सोय नाही. मुंबईला न्या, आणि आजच न्या."

आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे, ट्रक-टेम्पोचा धंदा. मुलं दोघं आखातात. घरातले वडीलधारे, ज्यांना सगळी आळी चाचा म्हणते, त्यांनी फोनाफोनी करून लहान बाळांची पेटी असलेली अ‍ॅम्ब्युलन्स मिळवली. भाऊ आणि भावजय बाळाबरोबर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसले. मला आणि आयेला चाचांनी आपल्या गाडीत घेतलं. बाळंत होऊन दोन-तीन दिवस झालेली ती पोरगी त्या खड्ड्यांच्या हायवेवरून बसून गेली, एकदाही 'दुखतंय' म्हणाली नाही. माणगावच्या पुढे कुठेतरी आयेने एकदम ग्रहणाचा विषय काढला.

"गिरानात भाईर गेली व्हती ती. मी सांगितलं व्हतं, घरात बस. ऐकलं नाय."

"आये, इथे नको," मी म्हटलं.

"मंग कुठं बोलू? पोराला भोगायला लागतंय." चाचांनी आरशातून एकदा मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिलं.

मुंबईच्या त्या हॉस्पिटलात बाळाला नवजातांच्या विभागात घेतलं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातली, कारण इतकं घट्ट साखरेचं पाणी हाताच्या बारीक शिरांना सोसत नव्हतं. तिथे मुलांच्या हार्मोनच्या आजारांच्या एक डॉक्टर होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. घाईत असायच्या, पण बोलायला लागल्या की खुर्ची ओढून बसायच्या. साखर अगदी खाली असताना काढलेलं रक्त तपासून त्यांनी आम्हाला सांगितलं की बाळाच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वाहत राहतंय. साखर उतरली की ते थांबायला हवं, ते थांबत नाहीये.

माझ्या सासऱ्यांना डायबेटिस होता. मी स्वतः त्यांना इन्सुलिन टोचलेलं आहे. एकदा जेवायच्या आधी टोचून ते जेवायचेच राहिले होते, तेव्हा घामाघूम होऊन कसे बडबडायला लागले होते, ते मला आठवलं. आमचं बाळ जन्मल्यापासून त्याच अवस्थेत होतं, आणि सांगायला तिला तोंड नव्हतं.

"मेंदूला साखरेशिवाय चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून घाई आहे."

पहिलं औषध दिलं ते लागू पडलं नाही. मग इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी थोडा आधार मिळाला, पण सलाईन काही सुटेना. बाळाचं आणि आईबापांचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. त्याचा निकाल यायला वेळ लागणार होता. आम्ही जवळच्या एका धर्मशाळेत खोली घेतली. कुडपणला भात कापायला आलं होतं. भावाने फोन करून सांगितलं, तर भावकीतल्या माणसांनी कापून, बांधून, अंगणात आणून टाकलं. त्याने मळणीचं विचारलं तर समोरचा म्हणाला, "तू पोरीकडं बघ. भात कुठं पळून जातंय?"

भावजय सकाळ-दुपार-संध्याकाळ दूध काढून द्यायची. नळीतून ते बाळाला जायचं. तिला काचेच्या पेटीत हात घालायची परवानगी होती, तेवढा वेळ ती बाळाच्या डोक्यावर तळवा ठेवून उभी राहायची. खोलीवर आये तिच्याशी कामापुरतं बोलायची. आळीव खा, गरम पाणी घे, डोकं बांध. ग्रहणाची गोष्ट तिने पुन्हा तोंडावर काढली नाही. पण गावाकडच्या फोनवर ती दुसरीकडे तोंड करून बोलायची आणि भावजय ते ऐकायची. मी एकदा भावजयीला म्हटलं, "तू मनावर घेऊ नको." ती म्हणाली, "मनावर घ्यायला मन जागेवर पायजे ना, ताई."

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला चौघांनाही बोलावलं. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक आईची, एक बापाची, आणि बापाच्या रेघेवर एक फुली मारली. म्हणाल्या, "इन्सुलिन थांबवणारं जे बटण असतं, त्याच्या जनुकात बदल आहे. तो वडिलांकडून आलाय. आईकडून काही आलेलं नाही."

भावाने विचारलं, "म्हणजे माझ्यात दोष आहे?"

"तुम्हाला काही आजार नाही. असा बदल घेऊन कितीतरी माणसं जन्मभर धडधाकट जगतात. तुमच्या हातात यातलं काहीच नव्हतं. आणि यांच्याही." असं म्हणून त्यांनी भावजयीकडे पाहिलं. "कुणी काही खाल्ल्याने, कुठे गेल्याने, काही पाहिल्याने हे होत नाही."

आयेने पदर तोंडाशी धरला. भाऊ जमिनीकडे बघत राहिला. शेवटी भावजयच बोलली. "कुणाकडनं का आलं असंना, मॅडम. आता ते काढायचं कसं, ते सांगा."

डॉक्टरांनी ते नीट सांगितलं, आणि मला ते जसंच्या तसं लक्षात आहे, कारण पुढे गावात शंभर वेळा मलाच ते सांगावं लागलं. या आजाराचे दोन प्रकार. एकात सगळं स्वादुपिंड बिघडलेलं असतं. तसं असेल आणि औषधाने भागलं नाही, तर जवळजवळ सगळंच कापून काढावं लागतं, आणि मग ते मूल पुढे डायबेटिसचं होतं. दुसऱ्या प्रकारात बिघाड एकाच जागी असतो, एखाद्या दाण्याएवढा. तेवढा दाणा काढला की मूल बरं. बदल एकट्या बापाकडून आलेला असल्यामुळे आमच्या बाबतीत दुसऱ्या प्रकाराची आशा जास्त होती. पण तो दाणा सोनोग्राफीत दिसत नाही, साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. सर्जनने पोट उघडून डोळ्यांनी पाहिलं तरी बहुतेक वेळा दिसत नाही, आजूबाजूच्या मांसासारखाच असतो तो.

"मग?" भाऊ म्हणाला.

"मग पेट-सीटी करायचं. दोन तपासण्या एकाच मशीनमध्ये, एकापाठोपाठ. एक औषध शिरेतून देतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ते खातात. जिथे काम जास्त चाललंय तिथे औषध जास्त साठतं आणि ती जागा उजळते. पण नुसता उजेड दिसून उपयोग नाही, तो कुठे आहे ते कळायला हवं. म्हणून त्याच टेबलावर, बाळ न हलवता सीटी काढतात. त्यात अवयव दिसतात. मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतात."

आयेने 'पेट' हा शब्द हिंदीतला धरला होता. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "पोटाचाच फोटू ना? मंग काढत का नायत लगेच?"

लगेच काढता येत नव्हता, कारण ते औषध बाटलीत भरून ठेवता येत नाही. ते बनवलं की काही तासांत विरून जातं. ज्या दिवशी बाळाचा नंबर त्याच दिवशी सकाळी ते बनवायचं, तपासायचं आणि गाडीने धाडायचं. पहिल्या वेळी बाळाला तयार केलं, इंजेक्शनं आधीपासून बंद ठेवली, दूध बंद केलं, फक्त सलाईनवर ठेवलं. आणि निरोप आला की आजचं औषध चाचणीत उतरलं नाही. पुन्हा बनवतील, दोन-तीन दिवसांनी. भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा चिडला. कुणावर चिडावं हे न कळून तो जिन्यात जाऊन उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले तेव्हा म्हणाला, "ताई, इंजेक्शन थांबवल्यापासून दोनदा साखर उतरली तिची. दोनदा. फुकट."

आम्ही तिथेच पायरीवर बसून राहिलो.

दुसऱ्या वेळी औषध आलं. जाडजूड शिशाच्या डब्यातून आलं, त्यात एवढीशी सिरिंज. ते मशीन हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, बऱ्याच दारांच्या आत होतं. तिथल्या माणसाने भावजयीला विचारलं, "तुम्ही गरोदर नाही ना?" ती म्हणाली, "हीच तर आत्ता जन्मलीय." बाळाला कापडात घट्ट गुंडाळलं, हात आत, फक्त नळीपुरती फट. गुंगीचं औषध देणारे डॉक्टर उशाशी, साखर मोजणारी नर्स पायाशी. एवढ्या मोठ्या टेबलावर ते गाठोडं हातभरसुद्धा नव्हतं. मग आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

भाऊ आणि भावजय दाराशी उभे राहिले. आये आणि मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. आये माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्या पाठीवर एक व्हता."

मला कळलंच नाही. "काय?"

"झील. माजा पोरगा. तुज्या पाठीवर, ह्याच्या आदी. असाच गुटगुटीत. गावातल्या बायका बगायला यायच्या. मंग दूध ओढंना, झटकं आलं. पोलादपुरापातूर न्यायला माणसं जमवली डोलीला, तवर गेला."

मी चाळिशी उलटलेली बाई. माझ्या आयुष्यात मी हे कधीच ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "आये, कधी बोलली नाहीस."

"कुणाशी बोलू? सासू म्हनली, हिचं दूध नासकं हाय. मंग तू कडेवर व्हतीस, तुलापन माझ्यापासनं तोडली. वरसभर तुज्या आजीने मला तुला जवळ घ्यू दिलं नाय नीट. तुज्या बानं एक शबूद काढला नाय." तिने पदर सावरला. "येवडंच म्हनायचे, देवाच्या मनात व्हतं."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. ते कमी बोलणारे होते, मला त्यांचा फार लळा होता. त्या बाकावर मला त्यांच्याविषयी काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. मी आयेचा हात धरला. तिचा हात कामाने इतका टणक झालेला आहे की धरल्यावर तिला ते जाणवतं की नाही, कळत नाही. पण तिने तो काढून घेतला नाही.

बाळ बाहेर आलं, झोपेतच. ते परत आपल्या विभागात गेलं. डॉक्टरांनी दुपारी आम्हाला संगणकासमोर बोलावलं. काळ्या पडद्यावर एक छोटं शरीर होतं, आणि त्यात ठिकठिकाणी उजेड. आयेने ते पाहिलं आणि ती मागे सरकली. "एवढ्या ठिकानी?"

"नाही, आजी, घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "हे दोन मोठे आहेत ना, मागे, एकमेकांसमोर, ती मूत्रपिंडं. औषध तिथूनच बाहेर जातं, म्हणून उजळतात. ही खालची मूत्राची पिशवी. हे बरोबरच आहे. म्हणून तर दुसरं चित्र लागतं, नाहीतर कुठला उजेड कशाचा ते कसं ओळखणार?" त्यांनी काहीतरी दाबलं. उजेडाच्या खाली करड्या रंगात पोटाचा आडवा छेद आला, मणका, यकृत, आणि मध्ये आडवं पडलेलं स्वादुपिंड. त्यात, डाव्या बाजूला, शेपटाकडे, एक ठिपका होता. एकच. बाकीचं स्वादुपिंड फिकं होतं.

"हा," त्या म्हणाल्या. "आमच्या सर्जनना आता कुठे जायचं ते माहीत आहे."

भावजय पुढे झाली. तिने बोट पडद्याच्या अगदी जवळ नेलं, पण लावलं नाही. "एवढंच?"

"एवढंच."

ती रडली नाही. तिने भावाकडे पाहिलं, तो मात्र रडत होता.

आम्ही उठायला लागलो तेव्हा आये तिथेच बसून राहिली. म्हणाली, "बाई, एक विचारू? मना नाय ना करनार?" आणि तिने त्या परक्या बाईला आपल्या त्या मुलाची सगळी गोष्ट सांगितली, मला सांगितली होती त्याहून जास्त. झटक्यांचं, गार अंगाचं. मग विचारलं, "त्याला बी ह्येच झालं व्हतं का?"

मला वाटलं, डॉक्टर आता दिलाशाचं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "असू शकेल, आजी. तुमच्या मुलात हा बदल तुमच्या यजमानांकडून आला असेल, तर त्या बाळालाही तसाच असू शकतो. तुमच्याकडून आला असेल, तर नाही, कारण हा एका जागचा प्रकार बापाकडून आलेल्या बदलानेच होतो. तुमचं रक्त तपासलं तर थोडं कळेल. पण ते बाळ कशाने गेलं, हे आता कुणीच नक्की सांगू शकणार नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

"रगत नको," आये म्हणाली. "आता कळून कुणाला सांगू?" मग तिने विचारलं, "दुधानं नाय ना पन?"

"दुधाने नाही. ते नक्की."

आयेने मान हलवली. खोलीवर आल्यावर तिने स्टोव्ह पेटवला, भावजयीसाठी चहा केला, आणि कप तिच्या हातात देताना म्हणाली, "मी बोलले ते चुकले गो." भावजयीने कप घेतला. "असू द्या," म्हणाली. माफी मागितली की सगळं पुसलं जातं, असं काही झालं नाही. भावजय आजही आयेशी जपून बोलते. पण गावाकडून पुढचा फोन आला तेव्हा आयेने तोंड फिरवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्याच घरातनं आलंय त्ये. तिचा काय दोष नाय."

ऑपरेशनच्या दिवशी सर्जनने काढलेला तुकडा आधी तपासणीला पाठवला. कडा निरोगी आहेत असा निरोप आला, मगच पोट शिवलं. त्यानंतरचे दिवस सलाईन हळूहळू उतरवण्यात गेले. दर वेळी कमी केलं की आम्ही वाट बघायचो, आता पडेल. पडली नाही. एके दिवशी मानेतली नळी काढली. मुंबईला आल्यापासून पहिल्यांदा भावजयीने तिला छातीशी घेतलं आणि ती ओढायला लागली. आवाज करत ओढत होती. नर्स म्हणाली, "अहो, सावकाश." भावजय म्हणाली, "ओढू दे तिला."

इथे ही गोष्ट संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण घरी सोडण्याआधी मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी पुन्हा खुर्ची ओढली. सुरुवातीच्या त्या दिवसांत साखर जी खाली गेली होती, त्याने मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली होती. दृष्टीचं काम तिथे चालतं. "डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत किती पोहोचेल, ते आत्ता सांगता येत नाही. लहान मुलांचा मेंदू बराच सावरतो. आपण वाट बघू."

भावाने विचारलं, "आम्ही आधी आणलं असतं तर?"

"तुम्ही उशीर केला नाही. महाडच्या डॉक्टरांनी वेळेत ओळखलं म्हणून ती आहे."

हे खरं होतं, आणि ते पुरेसं नव्हतं. परतताना गाडीत मी आणि भावजय मागे बसलो होतो. चाचाच घ्यायला आले होते. त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं आणि गाडी सुरू केली.

आता ती चार वर्षांची आहे. साखरेचं काही नाही. वाटेल ते खाते, उपाशी झोपली तरी आम्हाला आता भीती वाटत नाही, निदान तिच्या आईशिवाय कुणाला वाटत नाही. आई अजूनही सकाळी आधी तिच्या कपाळाला हात लावते. पोर उशिरा चालली. मध्यंतरी झटक्यांचं औषध चालू होतं, ते गेल्या वर्षी बंद झालं. दिसतं, पण सगळं नाही. समोर ठेवलेली वाटी तिला सापडत नाही, तीच हलवली की सापडते. गर्दीत माणूस ओळखू येत नाही, आवाज आला की येतो. अंगणातून गोठ्यापर्यंत ती एकटी जाते, कारण ते तिच्या पायांना पाठ आहे, मात्र कुणी मध्येच नांगर टेकवून ठेवला तर त्यावर आदळते. घरातली माणसं वस्तू जागच्या जागी ठेवायला शिकली आहेत. मुंबईला दर काही महिन्यांनी दाखवायला नेतो. दृष्टीच्या व्यायामाच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे आये तिला काळ्या घोंगडीवर पिवळी लिंबं ठेवून शोधायला लावते. काही दिवस लगेच सापडतात. काही दिवस ती थकते आणि लिंबं भिरकावून देते. मग आये ती गोळा करून आणते.

गेल्या पावसाळ्यानंतर भावजयीला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसऱ्या मुलाला असं होण्याची शक्यता फार कमी आहे, पण जन्मल्या जन्मल्या तपासायचं. या वेळी बाळंतपण मुंबईलाच केलं. मुलगा झाला. साधा, किरकोळ अंगाचा. पहिल्या तासात टाचेतून थेंब घेतला. मशीनवर आकडा आला, चांगला आकडा. नर्सने तो मोठ्याने वाचून दाखवला. भावजय म्हणाली, "पुन्हा बघा." नर्सने थोड्या वेळाने पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा ती स्वतःहून आली, कुणी सांगायच्या आत.

मी त्यांना घेऊन कुडपणला गेले तेव्हा घाट उतरत्या उन्हात होता. आये दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. तिच्या पदराला धरून भाची उभी होती. तिला गाडी थांबल्याचा आवाज आला, तिने मान आवाजाच्या थोडी बाजूला केली, जशी ती करते. बाळ रडलं.

"ह्यो कोन?" तिने विचारलं.

"तुजा भाव," आये म्हणाली.

"आन की इकडं," ती म्हणाली, आणि हात पुढे केले.